पैकीच्या पैकी गुण आणि अमेरिकेतील नामवंत विद्यापीठांचे प्रवेश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अकरावी-बारावीतील विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आहेत, मग ते पुण्या-मुंबईहून अर्ज करणारे असोत किंवा न्यू जर्सीत वाढलेल्या मराठी घरांतले असोत. ‘पैकीच्या पैकी गुण’ म्हणजे एसएटी किंवा एसीटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षांतले पूर्ण गुण. आयव्ही लीगमधील (हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन इत्यादी) आठ विद्यापीठे आणि त्यांच्या तोडीची स्टॅनफर्ड, एमआयटी यांसारखी विद्यापीठे येथे डोळ्यांसमोर ठेवली आहेत.

एसएटीमध्ये १६०० पैकी १६०० मिळाले, तर हार्वर्ड किंवा स्टॅनफर्डमध्ये प्रवेश नक्की मिळतो का?

नाही. स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांच्या मासिकाने २०१३ मध्ये दिलेला आकडा पुरेसा बोलका आहे. त्या वेळी एसएटी २४०० गुणांची होती, आणि आधीच्या पाच वर्षांत २४०० पैकी २४०० गुण घेऊन स्टॅनफर्डला अर्ज केलेल्यांपैकी ६९ टक्के विद्यार्थ्यांना प्रवेश मिळालेला नव्हता. त्यानंतर स्पर्धा वाढतच गेली आहे.

आशियाई वंशाच्या अर्जदारांशी भेदभाव होतो, या आरोपावरून चाललेल्या एका खटल्यामुळे हार्वर्डची आतली आकडेवारी न्यायालयासमोर आली. २०१५ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी केवळ अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांतील साधारण ३,५०० विद्यार्थ्यांना एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी गुण होते, सुमारे २,७०० विद्यार्थ्यांना इंग्रजी वाचनाच्या विभागात पैकीच्या पैकी होते, आणि ८,००० हून अधिक विद्यार्थ्यांची शाळेतील श्रेणी सर्वोच्च होती. हार्वर्ड दरवर्षी जवळपास २,००० विद्यार्थ्यांना प्रवेश देऊ करते. म्हणजे गणितात ८०० पैकी ८०० मिळवणारे सोडून बाकी सर्वांचे अर्ज बाजूला ठेवले असते, तरीही दीड हजार मुले बाहेरच राहिली असती. २०२४ मध्ये दाखल झालेल्या तुकडीसाठी हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. हे प्रमाण ३.६ टक्क्यांच्या आसपास आहे.

मग या गुणांचा काहीच उपयोग नाही, असे समजावे का?

असेही नाही. वरचाच आकडा उलट बाजूने वाचला, तर २४०० मिळवणाऱ्यांपैकी ३१ टक्क्यांना स्टॅनफर्डने घेतले होते, आणि त्या वर्षांत एकूण अर्जदारांपैकी दहा टक्क्यांनाही प्रवेश मिळत नव्हता. मात्र या ३१ टक्क्यांचे सगळे श्रेय गुणांना देता येणार नाही, कारण जी मुले अशा परीक्षेत एकही चूक करत नाहीत, त्यांचा बाकीचा अर्जही बहुधा भक्कम असतो.

परीक्षेला अर्थ नाही, हा आक्षेपही आता टिकत नाही. आयव्ही लीग आणि तत्सम विद्यापीठांतील विद्यार्थ्यांवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एसएटीत १६०० मिळवणाऱ्यांची पहिल्या वर्षाची श्रेणी-सरासरी १२०० मिळवणाऱ्यांपेक्षा ४ पैकी सुमारे ०.४३ ने अधिक होती, तर शाळेतील श्रेणीवरून असा अंदाज जवळपास बांधताच येत नव्हता. परंतु हा फरक १२०० आणि १६०० यांच्यातील आहे, १५६० आणि १६०० यांच्यातील नव्हे. एमआयटीने २०२२ मध्ये प्रवेशपरीक्षा पुन्हा सक्तीची करताना स्पष्ट सांगितले, की विद्यार्थ्याची तयारी पुरेशी आहे एवढे सिद्ध झाल्यावर त्यापुढच्या गुणांकडे ते पाहत नाहीत आणि पैकीच्या पैकी गुणांना झुकते मापही देत नाहीत. गुण पात्रता दाखवतात आणि निवड त्यानंतर सुरू होते. गुणवत्ता यादीच्या वातावरणात वाढलेल्या आपल्या घरांना नेमकी हीच गोष्ट पचायला जड जाते.

१५८० आणि १६०० यांत प्रत्यक्षात किती फरक असतो?

काही वेळा एका प्रश्नाचा. सध्याची डिजिटल एसएटी २ तास १४ मिनिटांची असून तीत ९८ प्रश्न असतात : वाचन-लेखनाचे ५४ आणि गणिताचे ४४. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरीवरून दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते. या ९८ पैकी ८ प्रश्न पुढील परीक्षांसाठी आजमावून पाहिले जात असतात व त्यांचे गुण धरले जात नाहीत. ते कोणते, हे विद्यार्थ्याला कळत नाही. त्यामुळे एक उत्तर चुकलेल्या दोन मुलांपैकी एकाला १६०० आणि दुसऱ्याला १५८० किंवा १५९० मिळणे अगदी शक्य आहे.

परीक्षा घेणारे कॉलेज बोर्ड स्वतःच सांगते, की तोच विद्यार्थी पुन्हा परीक्षेला बसला तर एकूण गुण साधारण ४० ने वर किंवा खाली जाऊ शकतात. प्रवेश समितीतील मंडळींना हे ठाऊक असते. वीस गुणांसाठी घरात तोंडे पाडून बसण्याचे त्यामुळे काहीच कारण नाही.

मुलीला १५४० मिळाले आहेत. तिने पुन्हा परीक्षा द्यावी का?

बहुतेक वेळा देऊ नये. हार्वर्डमध्ये दाखल होणाऱ्यांपैकी मधल्या निम्म्या विद्यार्थ्यांचे गुण साधारण १५०० ते १५८० या पट्ट्यात असतात, म्हणजे १५४० हे काठावरचे गुण नाहीत, मध्यावरचे आहेत. अपवाद एकच करावासा वाटतो : अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा संगणकशास्त्र घ्यायचे असेल आणि १५४० मध्ये गणिताचे ७५० असतील, तर पुन्हा बसण्यात अर्थ आहे, कारण एमआयटीसारख्या ठिकाणी दाखल होणाऱ्यांचे गणिताचे गुण बहुधा ७८० च्या वर असतात. पुष्कळ विद्यापीठे वेगवेगळ्या तारखांना मिळालेले विषयवार सर्वोत्तम गुण एकत्र करून पाहतात. तरीही जॉर्जटाउनसारखी काही विद्यापीठे सर्व प्रयत्नांचे गुण मागतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नासाठी लावलेल्या क्लासमध्ये जाणारे शनिवार-रविवार हेच खरे नुकसान आहे. त्याच सुट्टीत निबंधाचे दोन कच्चे खर्डे तयार झाले असते.

एसीटीचे ३६ आणि एसएटीचे १६०० सारखेच मानायचे का?

विद्यापीठे दोन्ही परीक्षा सारख्याच मानतात. एसीटीत मात्र ३६ हे विषयांच्या गुणांची सरासरी पूर्णांकात घेऊन येतात, त्यामुळे सरासरी ३६ पेक्षा किंचित कमी असली तरी निकालपत्रावर ३६ दिसतात आणि एखाद्या विषयात ३५ असूनही ‘परफेक्ट’ म्हणवून घेता येते. अमेरिकेत २०१९ मध्ये बारावी झालेल्या सुमारे १७.८ लाख परीक्षार्थींपैकी ४,८७९ जणांना ३६ होते.

जेईई किंवा सीईटीप्रमाणे सरळ गुणवत्ता यादी का लावत नाहीत?

आपल्याकडे कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत पर्सेंटाइल, प्रवर्ग आणि पसंतीक्रम एवढे कळले की जागा कोणाची, हे संगणक सांगतो. अमेरिकेतील खासगी विद्यापीठांत असे कधीच नव्हते असे नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्ड मुख्यतः स्वतःच्या प्रवेशपरीक्षेच्या निकालावर प्रवेश देत असे. १९२० च्या दशकात पहिल्या वर्षातील ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण एक पंचमांशाच्या वर गेले, तेव्हा तत्कालीन अध्यक्ष लॉवेल यांनी त्यावर मर्यादा आणण्याचा आग्रह धरला. उघड कोट्याला विरोध झाल्यावर, विद्यार्थ्याचे ‘चारित्र्य’ आणि ‘व्यक्तिमत्त्व’ पाहून निवड करण्याची पद्धत रुजवली गेली. अर्जावर छायाचित्र मागण्यास तेव्हाच सुरुवात झाली. आज ‘सर्वांगीण मूल्यमापन’ म्हणून जे गौरवाने सांगितले जाते, त्याचे मूळ एवढे अप्रिय आहे.

एसएटीचा जन्मही त्याच काळातला. कॉलेज बोर्डाने १९२६ मध्ये ती पहिल्यांदा घेतली, आणि ती तयार करणारे प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम हे त्या वेळी वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचे समर्थक होते. पुढे १९३० मध्ये त्यांनी आपले ते निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. लॉवेल यांच्यानंतर १९३३ मध्ये अध्यक्ष झालेले जेम्स कॉनंट यांनी मात्र हीच परीक्षा उलट्या हेतूने वापरली. बड्या खासगी शाळांबाहेरची, लहान गावांतली हुशार मुले शोधून त्यांना शिष्यवृत्ती देण्यासाठी त्यांना तिचा उपयोग झाला. म्हणजे नको असलेल्यांना रोखण्यासाठी आणलेले व्यक्तिमत्त्वाचे निकष आणि अनोळखी गुणवत्ता हुडकण्यासाठी वापरलेली परीक्षा, अशा दोन विरुद्ध गोष्टी आजच्या एकाच अर्जात शेजारी शेजारी नांदत आहेत. प्रवेशाच्या निर्णयांत जी विसंगती दिसते, तिचा बराचसा भाग या इतिहासातून आलेला आहे.

गुणांव्यतिरिक्त नेमके काय पाहिले जाते?

हार्वर्डच्या खटल्यातून ही पद्धत तपशिलाने कळली. अर्जांची विभागणी भौगोलिक गटांत होते आणि त्या त्या गटाची जबाबदारी असलेला अधिकारी तुमच्या शाळेचे अर्ज एकत्र वाचतो. अभ्यास, अवांतर उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ पासून श्रेणी दिल्या जातात. १ सर्वांत चांगली. अंतिम निर्णय सुमारे ४० जणांच्या समितीत मतदानाने होतो. यातील लक्षात ठेवण्याजोगी बाब अशी, की उत्कृष्ट गुण आणि उत्कृष्ट गुणपत्रिका यांच्या बळावर अभ्यासात साधारणपणे २ ही श्रेणी मिळते. १ साठी स्वतंत्र विद्वत्तेचा पुरावा लागतो, उदाहरणार्थ खरेखुरे संशोधन किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरील यश, आणि ती एक टक्क्याहूनही कमी अर्जदारांना मिळते. १६०० गुण आपोआप पहिल्या श्रेणीत नेऊन बसवत नाहीत.

अर्जाचा नमुना पाहिला की आणखी काही उमगते. बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन ॲप’ या सामाईक अर्जातून प्रवेश देतात. त्यात मुख्य निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा आहे. उपक्रम जास्तीत जास्त दहा लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरे, तीही मोकळ्या जागांसकट, मिळतात. सात वर्षे केलेले तबल्याचे शिक्षण, गणेशोत्सवात चालवलेले ढोल-ताशा पथक किंवा आजोबांच्या शेतात ठेवलेली पावसाची नोंदवही या १५० अक्षरांत मावली पाहिजे. ‘नेतृत्वगुण विकसित झाले’ यासारख्या वाक्यावर त्यांतली तीस अक्षरे खर्च करणे परवडत नाही.

शिफारसपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांची एक विशिष्ट अडचण होते. अकरावी-बारावीला अनेक मुले केवळ नावापुरती कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि दिवसभर क्लासमध्ये बसतात. अमेरिकेतील विद्यापीठाला मात्र शाळेच्या समुपदेशकाचे आणि सहसा दोन विषयशिक्षकांचे पत्र हवे असते. ज्या प्राध्यापकांनी मुलाला प्रात्यक्षिकाच्या परीक्षेपलीकडे पाहिलेले नाही, त्यांच्याकडून ‘आज्ञाधारक व मेहनती विद्यार्थी’ एवढेच पत्र येते, आणि तेही पुष्कळदा मुलालाच लिहून आणायला सांगितले जाते. अशी पत्रे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीत कळतात. परदेशी अर्ज करायचा असेल, तर अकरावीचे महाविद्यालय निवडतानाच हा विचार करावा. १५८० वरून १६०० वर जाण्यापेक्षा त्याचा परिणाम कितीतरी मोठा आहे.

भारतीय वंशाच्या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण लागतात, हे खरे आहे का?

न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियातील मराठी पालक हा प्रश्न सर्वांत जास्त विचारतात. हार्वर्डच्या खटल्यात असे पुढे आले, की आशियाई वंशाच्या अमेरिकी अर्जदारांना अभ्यासाच्या श्रेणी सरासरीने चांगल्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणी सरासरीने कमी मिळत होत्या. खालच्या न्यायालयाने हेतुपुरस्सर भेदभाव सिद्ध झाला नाही असे म्हटले, परंतु २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरच्या पहिल्या तुकडीत एमआयटीमध्ये आशियाई वंशाच्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० वरून ४७ टक्क्यांवर गेले, येलमध्ये ते ३० वरून २४ वर आले आणि हार्वर्डमध्ये ३७ वर राहिले. निकालाने सगळे चित्र पालटेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्यांना आणि तशी भीती घालणाऱ्यांनाही या आकड्यांनी फारसा आधार दिलेला नाही.

श्रीमंत किंवा माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना कमी गुणांवर प्रवेश मिळतो का?

त्यांना सवलत मिळते, आणि ती मोजली गेलेली आहे. हार्वर्ड विद्यापीठातीलच अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवून दिले, की एसएटी किंवा एसीटीचे गुण सारखेच असताना सर्वांत श्रीमंत एक टक्का कुटुंबांतील मुले आयव्ही लीग आणि त्यांच्या तोडीच्या मिळून बारा विद्यापीठांत दाखल होण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक आहे. हार्वर्डमध्ये खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुले, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुले आणि अधिष्ठात्यांच्या खास यादीतील नावे हे सर्व मिळून अर्जदारांत सुमारे पाच टक्के, पण प्रवेश मिळालेल्यांत सुमारे तीस टक्के होते. एमआयटी अशी वारसा सवलत देत नाही. जॉन्स हॉपकिन्सने ती बंद केली आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून आपल्या राज्यातील खासगी विद्यापीठांनाही तिला मनाई केली.

परीक्षा आता ऐच्छिक आहे ना? मग गुण पाठवलेच नाहीत तर?

२०२० च्या महासाथीत जवळजवळ सर्वांनी ती ऐच्छिक केली होती, पण वारे फिरले आहे. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड व कॅलटेक यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. येल एसएटी-एसीटीऐवजी एपी किंवा आयबी या शालेय अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही स्वीकारते. स्टॅनफर्ड, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया यांनी २०२६ मध्ये दाखल होणाऱ्यांपासून ती सक्तीची केली असून प्रिन्स्टननेही त्यानंतरच्या प्रवेशांसाठी तसेच जाहीर केले आहे. कोलंबियाने परीक्षा कायमची ऐच्छिक ठेवली आहे, तर बर्कली व लॉस एंजेलिससह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सर्व शाखा हे गुण पाहतच नाहीत. तेथे १६०० असले काय आणि नसले काय, प्रवेशाच्या दृष्टीने सारखेच.

डार्टमथला स्वतःच्या आकडेवारीत असे आढळले होते, की बेताच्या परिस्थितीतील अनेक मुलांनी १४०० च्या आसपासचे गुण कमी समजून लपवले, आणि ते पाठवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. गुण शाळेच्या आणि घरच्या परिस्थितीच्या संदर्भात वाचले जातात. बंगळुरूच्या महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेतील १५०० आणि जिल्ह्याच्या गावातील अनुदानित शाळेतून आलेले १५०० हे समितीपुढे सारखे नसतात.

भारतातून अर्ज करताना वेगळे काय असते?

स्पर्धा अधिक तीव्र असते. एमआयटीत आंतरराष्ट्रीय अर्जदारांना प्रवेश मिळण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे एकूण प्रमाणाच्या निम्म्याहूनही कमी. शिवाय बहुसंख्य विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली असेल, तर त्याचा निर्णयावर परिणाम होऊ देतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट आणि बोडन यांसारखी थोडीच विद्यापीठे परदेशी मुलांच्या बाबतीतही पैशाचा विचार न करता प्रवेश ठरवतात.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि आयव्ही लीगचे निर्णय मार्चअखेर येतात. त्यामुळे अर्जासोबत नववी ते अकरावीचे गुण आणि बारावीचे शाळेने वर्तवलेले गुण जातात. शाळेने स्वतःची माहिती देणारे पत्रकही जोडायचे असते, आणि त्याकडे दुर्लक्ष करू नये. २०२५ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीत २११ विद्यार्थ्यांना १०० टक्के गुण मिळाले. त्या टक्क्यांत खेळ, चित्रकला, लोककला यांचे वाढीव गुण मिसळलेले असू शकतात, हे हार्वर्ड-एमआयटीच्या गावी, अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये बसलेल्या वाचकाला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. जेईईचे पर्सेंटाइल सन्मानांच्या रकान्यात जरूर लिहावे, पण ते एसएटीला पर्याय ठरत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रातील ऑलिम्पियाड शिबिरापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्याची नोंद मात्र एमआयटीसारख्या ठिकाणी नीट घेतली जाते.

१६०० गुणांवर शिष्यवृत्ती मिळते का?

आयव्ही लीगमधील एकही विद्यापीठ गुणांवर शिष्यवृत्ती देत नाही. तेथील सगळी मदत कौटुंबिक गरजेनुसार असते. काही सरकारी विद्यापीठांत मात्र गुणांना थेट मोल आहे. अलाबामा विद्यापीठात १६०० किंवा ३६ गुण आणि शाळेत सर्वोच्च श्रेणी असलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यासाठी खास शिष्यवृत्ती आहे व तीत चार वर्षांपर्यंतचे शिक्षणशुल्क माफ होते. न्यू जर्सीतील पालकांनी अशा विद्यापीठांची नावे यादीत ठेवायला संकोच करू नये.

प्रवेशाची हमी देणाऱ्या सल्लागारांवर विश्वास ठेवावा का?

नाही. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या अमेरिकेतील प्रवेश घोटाळ्याचा सूत्रधार रिक सिंगर अशीच हमी देत असे. त्याचा माणूस मुलांची उत्तरे दुरुस्त करून हवे तेवढे गुण मिळवून देई. त्याबद्दल अनेक पालकांना तुरुंगवास झाला.

नकार आला तर दाद मागता येते का?

पुनर्तपासणीसारखी सोय येथे नसते आणि नकाराची कारणेही कळवली जात नाहीत. प्रतीक्षा यादीत नाव असेल, तर यादीत राहण्याची संमती कळवून जानेवारीनंतर घडलेली एखादी ठोस गोष्ट, जसे नवे पारितोषिक किंवा पूर्ण झालेला प्रकल्प, थोडक्यात लिहून पाठवावी. पूर्वी १५७० होते व आता १६०० झाले, असे कळवून उपयोग नाही. १ मेपर्यंत दुसऱ्या एखाद्या विद्यापीठातील जागा शुल्क भरून नक्की करावी, कारण प्रतीक्षा यादी हलली तर ती साधारणपणे त्यानंतरच हलते.